गुलबक्षीखालचा चौकोन

तो चौकोन सौंदर्यानं ठेवलेला नव्हता. एका हातात चहाची कपबशी, दुसऱ्या हातानं चालू केलेला कॉम्प्युटर, आणि समोर काल संध्याकाळी अर्धी सोडलेली गुलबक्षी. फूल होतं तसंच होतं, राणी रंगाचं, कडेला पिवळ्याची एक फाक. पण फुलाच्या बरंच खाली, पडद्याच्या अगदी तळाला, जिथं पांढऱ्याशिवाय काही असायचं कारण नाही, तिथं राणी रंगाचा एकच एक चौकोन बसला होता. बारीक, नखाएवढाही नाही. दुसऱ्या कुणी बघितला असता तर म्हटलं असतं, हात लागला असेल बाई, पूस आणि चहा पी. सौंदर्यानं पुसला. चहाही प्याली. पण खाली बोळात चालू न होणाऱ्या गाडीला कुणीतरी किकवर किक मारत होतं तो आवाज तिला उगीचच फार वेळ ऐकू येत राहिला. हात चुकून लागला तर कुठलाही रंग कुठंही पडतो हे खरं. पण नेमका तोच रंग नेमका त्याच जागी पडत नाही. ती जागा गेला महिनाभर तिच्या मानगुटीवर बसलेली होती.

हे नीट सांगायचं तर आधी तिच्या धंद्याचं सांगायला पाहिजे, आणि धंदा असा की सांगितल्यावर माणसं पहिल्यांदा हसतात. सौंदर्या लोकांची फुलं काढते. ज्याला ज्या फुलाशी काही घेणंदेणं आहे ते त्याचं फूल, कॉम्प्युटरवर, बारीक रंगीत चौकोन एकाला एक लावून. शिकलेली पोरं त्याला पिक्सेल आर्ट म्हणतात. तिची आई त्याला मॅटीच्या कापडावरचं भरतकाम म्हणते, आणि खरं बघायला गेलं तर तेच जास्त बरोबर आहे. आधी ती शाहूपुरीत साड्यांवरच्या कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीची डिझाइनं करायची. लग्न झालं आणि सरलं, नोकरीही सरली, आणि हे एवढं हाताला चिकटून राहिलं. लांबून बघितलं की जाई, जवळ गेलं की नुसते चौकोन. कुणाला आईच्या अंबाड्यातली अबोली पाहिजे असते, कुणाला कॉलेजच्या गेटवरचा बहावा. फुलाचं नाव कळलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: माणूस आहे की गेलंय? कारण तिनं आपल्यापुरता एक रिवाज पाडून घेतला होता. माणूस असेल तर फूल नुसतं. गेलेलं असेल तर फुलाच्या खाली, मोकळ्या जागेत, त्याच रंगाचा एक चौकोन. पडलेला. भिंतीवर लावल्यावर आल्यागेल्याला तो दिसतही नाही. घरच्यांना दिसतो.

पेठ वडगावचे गणपतराव, जनावरांच्या बाजारात उभा जन्म गेलेला माणूस, बायकोची शेवंती सांगायला आले होते तेव्हा तिनं जरा चाचरतच विचारलं, "काकू... आहेत ना?"

"न्हाई की," म्हातारा सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "दिवाळीत गेली. त्यात दबक्या आवाजात इचारण्यासारखं काय हाय?"

चित्र घ्यायला आले त्या दिवशी शेवंतीकडं त्यांनी बघितलंच नाही. खालच्या चौकोनावर अंगठा ठेवून उभे राहिले. "घरात सगळी म्हणत्यात, आबा, ती आपल्यातच हाय, फोटूत हाय, नातवंडात हाय. वैताग आणलाय नुसता. गेली म्हणा की लेकानो. गेली म्हटल्याबिगर माणसानं रडायचं कवा?" एवढं बोलून त्यांनी चित्र धोतराच्या सोग्यानं पुसलं, पिशवीत घातलं आणि जिना उतरून गेले. सौंदर्या दारात उभीच राहिली. म्हाताऱ्याचा तिला राग आला होता, आणि का आला हे तिचं तिला कळेना.

परक्यांना रोज विचारायचा तो प्रश्न तिच्या स्वतःच्या घरात सात वर्षं कुणी कुणाला विचारला नव्हता. तिचे वडील नागाप्पा, म्हणजे अप्पा, एकोणीस सालच्या पुरात राहिले. राहिले म्हणजे काय झालं ते कुणालाच माहीत नाही, म्हणून घरात शब्दही तोच रुळला: अप्पा राहिलं. शिरोळकडचं गाव, कृष्णेचं पाणी रात्रीत गल्लीत शिरलेलं, सकाळी सैन्याची नाव आली. अव्वा, म्हणजे तिची आई गंगव्वा, आणि धाकटा भाऊ वीरेश नावेत बसले, आणि अप्पा म्हणाले, म्हशीचं दावं सोडतो, पुढच्या फेरीला येतो. पुढच्या फेरीला घर होतं. म्हैससुद्धा पोहत जाऊन लांबच्या एका देवळाच्या कट्ट्यावर उभी सापडली. अप्पा सापडले नाहीत, ना जिवंत, ना दुसरं काही. माती द्यायलाही हाताला काही लागलं नाही, आणि माती दिल्याशिवाय त्यांच्यात माणूस गेलं असं कुणाच्या तोंडातनं निघत नाही. अव्वाचं कुंकू कपाळावर तसंच राहिलं. दिवेलागणीला दाराची कडी काढून ठेवायची सवय तशीच राहिली. अलीकडं ती अंगणात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि वीरेशनं तिला इथं राजारामपुरीत आक्काच्या, म्हणजे सौंदर्याच्या, दोन खोल्यांत आणून सोडलं, तेव्हा ती सवयही सोबत आली. "कडी काढ गं," रोज संध्याकाळी ती अंथरुणातनं सांगायची. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं दार उघडं टाकून बसायचं म्हणजे शेजाऱ्यांना बोलायला चांगलंच निमित्त. पण का काढायची हे अव्वा सांगायची नाही आणि सौंदर्या विचारायची नाही. कडी निघायची.

पडून पडून कंटाळलेली गंगव्वा एक दिवस म्हणाली, "सगळ्या गावाची फुलं काढतीस. अप्पाची गुलबक्षी काढ की एकांदी." सौंदर्या बरं म्हणाली, बसली, आणि घोडं पहिल्याच पायरीला अडलं. माणूस आहे की गेलंय? फूल काढायला तिला दोन दिवस लागले असते. खालच्या त्या एका जागेसाठी महिना गेला. रोज ती फुलातलाच काहीतरी रंग उचकटायची, परत बसवायची, पिवळी फाक जरा रुंद कर, जरा अरुंद कर, आणि नजर खाली गेली की उठून अव्वाला पाणी पाहिजे का विचारायची.

गुलबक्षी गावाकडच्या घराच्या मागं, न्हाणीच्या सांडपाण्यावर आपली आपण वाढलेली. कुणी लावली नव्हती. ऊन कलायला लागलं की ती उमलायची, आणि त्याच सुमाराला अप्पा रानातनं यायचे, हातपाय धुवायचे, एक फूल तोडून कानावर अडकवायचे आणि धार काढायला बसायचे. एकाच झाडाला राणी रंगाची फुलं, पिवळी फुलं, आणि एखादं अर्धं असं अर्धं तसं. "देवाच्या हातनं डबं सांडलं रंगाचं," अप्पा म्हणायचे. ते फूल लावून म्हशीच्या कासेला बसलेला तो काळाभोर, दांडगा माणूस बघून लहानपणी सौंदर्याला हसू यायचं, आणि शाळेतल्या मैत्रिणी आल्या की लाजही वाटायची. पूर उतरला तेव्हा मागची भिंत गेलेली, न्हाणी गेलेली, गुडघाभर गाळात सगळं कुजून पडलेलं. आणि पंधरवड्यात त्या गाळातनं गुलबक्षी वर आली. मुळाशी गड्डा असतो तिच्या, त्याला पाण्याचं काही वाटत नाही. अव्वानं ती पालवी बघितली आणि त्या दिवसापासनं तिनं रडणं बंद केलं. शेजारच्या बायका म्हणाल्या, सावरली बाई. सौंदर्याला तेव्हासुद्धा ते सावरणं खरं वाटलं नव्हतं.

तिच्याकडं अप्पांचं शेवटचं जे आहे ते वेगळंच आहे. पंचगंगेनं सगळे रस्ते अडवलेले, ती इकडं कोल्हापुरात अडकलेली, आणि सकाळी अप्पांचा फोन आला, व्हिडिओ कॉल. त्यांना तो धड लावता यायचा नाही, कपाळ तरी दिसायचं नाहीतर पत्र्याचं छप्पर. त्या दिवशी मात्र चेहरा नीट दिसला, हलला, ओठ उघडले, आणि मोडला. गालाच्या जागी तपकिरी चौकोन, डोळ्यांच्या जागी काळे, आणि कानापाशी राणी रंगाचा एक. आवाज गेला. चित्र तसंच थिजून राहिलं, आणि मग पडदा काळा. तो कानापाशीचा रंग म्हणजे फूल होतं, की चित्र फाटल्यावर आतनं निघालेला कसलातरी रंग, हे तिनं नंतर किती वेळा डोळ्यांपुढं आणून बघितलं याला गणती नाही. झाड पाण्याखाली, मग फूल कुठनं येणार? पण रंग होता. चौकोनांत फुलं काढायला ती लागली ती त्यानंतर. कुणी विचारलंच तर एम्ब्रॉयडरीचं नाव पुढं करते. खरं असं की एखादी गोष्ट चौकोन चौकोन होऊन फुटताना बघितल्यावर ती परत जुळवून बघायची खोड तिच्या हाताला लागली ती सुटलीच नाही.

तर चौकोन. पुसला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत होता. तळाला नव्हता. थोडा वर होता. पुन्हा पुसला, रात्री मशीन पार बंद करून वायर काढून ठेवली, सकाळी लावली, तर होता, आणि आणखी वर. घरात दुसरं माणूस म्हणजे अव्वा, आणि अव्वाला कूस बदलायची झाली तरी हाक मारावी लागते. मग राहिली कोण? आपणच झोपेत उठत असू, असंही तिच्या मनात आलं. तिनं आपले तळवे उजेडात धरून बघितले, जशी काही बोटांना राणी रंगाची शाई लागलेली असणार होती. नव्हती लागलेली. आणि मग तिच्या लक्षात आलं. पडलेलं फूल पडलेलंच असतं, ते वर येत नाही. हे वर येत होतं. कुणीतरी खाली वाकून ते उचललं होतं आणि सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखा, हात वर नेत होतं. त्या दिवसापासनं तिनं पुसायचं सोडलं. रोज सकाळी उठून नुसतं बघायचं, कुठपर्यंत आलं.

तिला आता सगळीकडंच चौकोन दिसायला लागले. न्हाणीघरातल्या फरश्या, खिडकीची जाळी, समोरच्या बिल्डिंगीच्या बाल्कन्या. औषध आणायला महाद्वार रोडला गेली तर गर्दीतल्या माणसांचे चेहरे जवळ येता येता चौकोन होऊन मोडायचे आणि पार गेल्यावर मागं पुन्हा जुळायचे. एका पाठमोऱ्या माणसाच्या कानावर काहीतरी राणी रंगाचं दिसलं म्हणून ती त्याच्यामागं चप्पलच्या दुकानापर्यंत गेली. तो वळला. कानात ब्लूटूथ होतं. तिचं तिलाच हसू आलं. दुपारी खोलीत वास यायचा, गाळाचा, कुजलेल्या उसाचा, पूर उतरल्यावर महिनाभर गावात असतो तो. तिनं मोरी घासून काढली, खिडक्या उघडल्या, उदबत्ती लावली. अव्वा अंथरुणातनं सगळं बघत होती.

"जायाचा न्हाई गं तो," ती शांतपणे म्हणाली. "मला बी येतोय."

"कसला वास येतोय तुला?"

अव्वानं भिंतीकडं तोंड केलं. मग म्हणाली, "कितपत आलं वर?"

सौंदर्यानं हातातलं उदबत्तीचं घर खाली ठेवलं. "काय वर आलं?"

"फूल गं. काढतीस न्हवं? खालनं वर काढत येतीस न्हवं मॅटीसारखं?"

मॅटीवर खालनं वर काढत येतात हे बरोबर होतं. अव्वानं तसंच विचारलं असणार. पण कॉम्प्युटर आतल्या खोलीत, अव्वा बाहेरच्या, आणि चौकोनाबद्दल सौंदर्या कुणाजवळ अवाक्षर बोलली नव्हती. ती आत जाऊन बसली. त्या संध्याकाळी कडी काढताना तिचा हात दारावर जरा जास्तच रेंगाळला. काढली.

वीरेशचा फोन आला तो अशातच. "आक्का, सात वर्सं सरली," तो म्हणाला. "कोर्टात अर्ज दिला तर आता सरकार बी म्हणतंय, माणूस गेला म्हणून. पण अव्वा व्हय म्हटल्याबिगर मी काय करणार न्हाई. आणि मला आता सोसंना झालंय गं. पोरगी इचारती, आज्जा कुठं हाय? काय सांगू तिला? राहिला म्हणून सांगू?" त्याचा आवाज फुटला. गड्यासारखा गडी, ट्रॅक्टर हाणणारा, आणि फोनवर नाक ओढत होता. शेवटी त्यानंच तोड काढली: कौल लावायचा. त्यांच्या गावात कुठलंही काम अडलं की महादेवाला कौल लावतात. दिवेलागणीला दोन फुलं भिजवून पिंडीला चिकटवायची, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. प्रश्न मनात धरायचा. तोंडानं म्हणायचा नाही, म्हटला की फुटला, असं गुरव बजावून सांगतो. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. सोयरिकी, विहिरी, म्हशींचे सौदे, सगळं गाव असंच ठरवत आलेलं. अव्वाला गावाला नेणं शक्य नाही, तर वीरेश देवळातनं व्हिडिओ कॉल करणार आणि अव्वा इथनं प्रश्न धरणार. काय धरायचं तेही त्यानं तिघांत पक्कं करून घेतलं: अप्पा गेलं असतील तर उजवं दे.

"एवढंच धरशील न्हवं अव्वा? दुसरं काय न्हाई?"

"धरीन की," अव्वा म्हणाली.

एवढ्या सरळ होकारानं सौंदर्याच्या मनात पाल चुकचुकली. अव्वा उभ्या जन्मात कशालाही पहिल्या फटक्यात हो म्हणालेली नव्हती. पण तिनं कानाडोळा केला, कारण तिलाही ते हवं होतं. उजवं पडलं की ती जाऊन खाली चौकोन ठेवणार होती, स्वतःच्या हातानं, कायमचा, आणि डावं पडलं तर फूल नुसतं राहणार होतं. काहीही होवो, ती जागा एकदाची मानगुटीवरनं उतरली असती. दोन्हींतलं आपल्याला काय पाहिजे, असं तिनं स्वतःला विचारून बघितलं आणि घाबरून तो विचार तिथंच टाकला.

सोमवार उजाडला. सकाळी पडद्यावर खाली काहीच नव्हतं. नुसतं पांढरं. चौकोन वर जाऊन फुलाच्या ओठाला बसला होता, पिवळ्या फाकेला लागून, असा की आधीपासनं तिथलाच असावा. तो चुकला असं म्हणायलाही वाव नव्हता, उलट त्यानं फूल पुरं झालं होतं. महिनाभर जे जमत नव्हतं ते जमून आलं होतं. इतकं टवटवीत फूल तिनं आजवर कुणाचंच काढलं नव्हतं, आणि तिला ते बघवेना. जिवंत माणसाचं फूल होतं ते. तिनं पडद्यावर टॉवेल टाकला, वरण-भात लावला, अव्वाची वेणी घातली. दिवस काही केल्या कलेना.

दिवेलागणीला तिनं पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन अव्वाच्या उशाशी उभा केला. अव्वानं कपाळाला विभूती लावून घेतली, पदर डोक्यावर घेतला. पलीकडं देवळाचा गाभारा, समईचा उजेड, गुरवाचा हात. वीरेशनं मागच्या दारातली गुलबक्षीच आणली होती. गुरवानं दोन फुलं पाण्यात बुडवली, एक इकडं, एक तिकडं, काळ्या दगडावर दाबून बसवली आणि बाजूला झाला. "धरा मनात," तो म्हणाला. अव्वानं डोळे मिटले. तिचे ओठ अजिबात हलले नाहीत. सौंदर्या बघत राहिली. देवळात कुणी खोकलं. फुलं ओली, चकाकणारी, दगडाला घट्ट. बराच वेळ काहीच झालं नाही, इतका वेळ की फुलं पडायचीच नाहीत असं वाटायला लागलं. आणि मग चित्र मोडलं. आधी कडा गेल्या, मग समई, मग सगळंच. काळे चौकोन, तपकिरी चौकोन, आणि त्यांत राणी रंगाचा एक. एकच. दुसरा कुठं गेला? ती पुढं वाकली, आणि त्या चौकोनांची जुळणी तिच्या ओळखीची निघाली. तपकिरी जिथं गाल असायचा तिथं. काळे दोन, डोळ्यांच्या जागी. आणि राणी रंग कानापाशी. चेहरा तिच्याकडं बघत होता आणि त्याचे ओठ उघडे होते. अव्वाचे डोळे अजून मिटलेलेच होते. सात वर्षांपूर्वी पडदा काळा झाला होता. आज झाला नाही, तसाच राहिला, आणि त्या मोडक्या चेहऱ्याच्या आतनं वीरेशचा आवाज आला.

"उजवं. आक्का, उजवं पडलं. अव्वा, बघितलंस का? उजवं दिलं देवानं." आणि मग तो हमसून हमसून रडायलाच लागला. "गेलं आक्का. अप्पा गेलं. सुटलो आपण." मागनं गुरव त्याला काहीतरी समजावत होता. मग फोन तुटला.

सौंदर्यानं फोन पालथा घातला. काय दिसलं ते दिसलं, ते आता बोलायचं नाही. देवानं निकाल दिला होता. तिच्या डोळ्यांना धार लागली आणि ती तिनं पुसली नाही. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. थोड्या वेळानं तिच्या ध्यानात आलं की खोलीत रडतंय ते आपण एकटीच. अव्वा छताकडं बघत पडली होती. सौंदर्यानं तिचा हात धरला, तर तो गार होता.

"तू का रडतीस?" अव्वानं विचारलं.

"उजवं पडलं, अव्वा."

"व्हय. ऐकलं की."

"म्हणजे अप्पा..."

"मी तसलं धरलंच न्हवतं," अव्वा म्हणाली. "मी धरलं, ते जित्तं असतील तर उजवं दे."

सौंदर्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिकडं गावात वीरेश सुटलो म्हणून रडत होता. उद्या तो कोर्टात जाईल, पोरीला सांगेल, आज्जा गेला. आणि त्याच फुलानं इकडं त्याच्या आईला सांगितलं होतं, आहे. फूल एक, पडलं एकदाच. "अव्वा," ती कशीबशी म्हणाली, "तुला अजून वाटतं, ते आहेत?"

"खुळी का काय तू? गेल्यात की. नाव वळणावर गेली, मी मागं बघितलं, ते दारात उभं हुतं कमरंएवढ्या पाण्यात. तवाच कळलं मला. बायकोला कळतंय."

"मग देवाला असं का विचारलंस?"

"न्हाई म्हणंल म्हणून." अव्वाचा आवाज पहिल्यांदा हलला. "सात वर्सं झाली, एकानं माझ्या तोंडावर न्हाई म्हटलं न्हाई. गाव म्हणतंय राहिलं. वीऱ्या म्हणतोय, सरकार म्हणतंय. तू तर कडी काढ म्हटलं की काढतीस, का म्हणून इचारत बी न्हाईस. म्हटलं, असंल का म्हणून इचारावं, देव तरी डावं टाकंल. न्हाई म्हणंल. मग मी मोकळी." ती दाराकडं बघायला लागली. "आणि त्येनं हाय म्हटलं गं. माणूस म्हटला असता तर भांडले असते मी. देवानं हाय म्हटल्यावर आता काय करू? वाट बघायला नको?"

तिच्या डोळ्यांत जे होतं ते सौंदर्यानं पूर आला तेव्हाही बघितलं नव्हतं. अव्वाला भीती वाटत होती. ज्याची सात वर्षं कडी काढून वाट बघितली तो खरंच येईल, याची. खोलीत गाळाचा वास इतका दाटला होता की श्वास घ्यायला जड जावं. आत टॉवेलखाली ते पुरं झालेलं फूल होतं. देव म्हणत होता आहे, फूल म्हणत होतं आहे, तांब्याला टेकलेल्या त्या पडद्यानं चेहरा दाखवला होता. नाही म्हणणारं कुणीच उरलं नव्हतं. आणि जिन्यात पावलं वाजली. अनवाणी, ओली, एकेक पायरी नीट बघून टाकणारी. पहिला मजला झाला. दुसऱ्याच्या पायऱ्या सुरू झाल्या. अव्वानं सौंदर्याचा हात असा आवळला की बांगडी मनगटात रुतली. कडी काढलेलीच होती. उठून दार लावावं की उघडावं, की कोण आहे म्हणून हाक मारावी? सौंदर्या उठली नाही. तिनं दाराकडं पाठ केली, अव्वाची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं, आणि एकोणीस सालापासनं जे तोंडातनं निघत नव्हतं ते मोठ्यानं म्हणाली.

"अव्वा, अप्पा न्हाईत. अप्पा गेलं."

"देव म्हणतोय..."

"देवाला काय म्हणायचं ते म्हणू दे. मी सांगते तुला. म्हशीचं दावं सोडायला गेलं आणि पाण्यात गेलं. बुडून मेलं अप्पा. ते आता यायचं न्हाईत. कोण बी आलं तरी ते अप्पा न्हवं."

जिन्यातली पावलं थांबली. वर येऊन थांबली की मधेच, हे तिनं ऐकलं नाही, कारण अव्वाच्या घशातनं आवाज यायला लागला होता, खोलातनं, अडत अडत, जात्यासारखा. तोंड वेडंवाकडं झालं. कपाळावरची विभूती घामानं ओघळली. सौंदर्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"पुन्यांदा म्हण," अव्वा म्हणाली.

"अप्पा गेलं, अव्वा."

"पुन्यांदा म्हण."

सौंदर्या पुन्हा म्हणाली.